ताऱ्यांचे अवरक्त रासायनिक सर्वेक्षण

आकाशगंगेतील लक्षावधी ताऱ्यांच्या अवरक्त (तांबड्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाचे वर्णपट घेऊन त्यांच्या वातावरणातील मूलद्रव्यांचे प्रमाण ठरविण्याची पद्धती.

आकाशगंगेच्या प्रतलातील आंतरतारकीय धूळ दृश्य प्रकाश अडविते. सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या केंद्राकडील दृश्य प्रकाशाचा जेमतेम एक लक्ष कोटीवा भाग पृथ्वीवर पोहोचतो. अवरक्त प्रारण त्या मानाने पुष्कळच कमी अडते. त्यामुळे धुळीआडच्या ताऱ्यांचे परीक्षण शक्य होते.

ताऱ्याच्या वातावरणातील अणू व रेणू विशिष्ट तरंगलांब्यांचे प्रारण शोषितात आणि वर्णपटात काळ्या रेषा उमटतात. रेषेची तीव्रता मूलद्रव्याच्या प्रमाणाखेरीज तापमान व दाब यांवरही अवलंबून असते. हा संबंध मेघनाद साहा यांच्या आयनीभवन समीकरणाने (१९२०) स्पष्ट झाला. म्हणून निरीक्षित वर्णपटाची तुलना गणिताने काढलेल्या वर्णपटांशी करतात. त्यासाठी लागणारी रेषांची माहिती सूर्य व स्वाती यांच्या वर्णपटांवरून पडताळून घेतात.

या प्रकारचे प्रमुख सर्वेक्षण ‘ॲपोजी’ हे होय. ते २०११ मध्ये न्यू मेक्सिकोतील २·५ मी. व्यासाच्या दूरदर्शकावर सुरू झाले. २०१७ पासून चिलीतील तेवढ्याच व्यासाच्या दूरदर्शकाची त्यास जोड मिळाली. ३०० प्रकाशीय तंतूंच्या साहाय्याने एकाच वेळी तितके वर्णपट (१·५१ ते १·७० मायक्रॉन) मिळत. २०२१ मध्ये साडेसहा लाखांहून अधिक ताऱ्यांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांत मुख्यतः तेजस्वी तांबडे महातारे आहेत.

मूलद्रव्यांच्या प्रमाणांवरून आकाशगंगेचा पूर्वेतिहास कळतो. अल्पायुषी प्रचंड ताऱ्यांच्या स्फोटांतून ऑक्सिजन व मॅग्नेशियम लवकर बाहेर पडतात. श्वेत लघुताऱ्यांच्या स्फोटांतील लोहाची भर मात्र बऱ्याच उशिरा पडते. म्हणून लोहाच्या तुलनेने मॅग्नेशियम अधिक असलेले तारे सामान्यतः जुन्या काळातील ठरतात. असे तारे प्रतलापासून दूरच्या जाड तबकडीत व आकाशगंगेच्या अंतर्भागात विशेष आढळतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केलेला ‘टिरस्पेक’ हा अवरक्त वर्णपटमापक २०१३ मध्ये लडाखमधील हानले येथील २ मी. दूरदर्शकावर बसविण्यात आला. सुमारे ४,५०० मी. उंचीवरील तेथील कोरडी हवा अवरक्त निरीक्षणास अनुकूल आहे. मात्र त्याची विभेदनक्षमता सुमारे १,२०० असून ॲपोजीची सुमारे २२,५०० आहे. त्यामुळे ताऱ्यांचे वर्गीकरण व नवजात ताऱ्यांचे निरीक्षण त्याने होऊ शकते. परंतु परस्परांत मिसळलेल्या सूक्ष्म रेषा वेगळ्या करून अनेक मूलद्रव्ये मोजण्यास अधिक विभेदनक्षमतेचेच उपकरण लागते.