महालातली नील सिटी

महालातलं दादासाहेब धनवटे नगर विद्यालय म्हणजे जुनं नील सिटी हायस्कूल. नागपुरात शंभरी ओलांडलेल्या शाळा आणखीही आहेत. बिशप कॉटन तर 1862ची. पण नील सिटीच्या पोरांनी सरकारलाच पेचात टाकलं होतं.

तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी. शहराला स्वतःचं विद्यापीठ मिळालं 1923 मध्ये. त्याआधी इथली मुलं मॅट्रिकला बसत ती आधी कलकत्ता, मग अलाहाबाद विद्यापीठाच्या. शाळेची मान्यता गेली की परीक्षा हुकली आणि परीक्षा हुकली की साधी कारकुनीही दुरावली. वंगभंगाच्या चळवळीत विद्यार्थी उतरले तेव्हा सरकारने नेमकी हीच नस दाबली. 1907च्या रिस्ले परिपत्रकाने मुलांना राजकारणापासून लांब ठेवण्याची जबाबदारी शाळांवर टाकली.

अशा दिवसांत नील सिटीत शाळा तपासनीस आले. वर्गात पाऊल टाकताच मुलं उठली आणि ‘वंदे मातरम्’चा गजर झाला. पुढच्या वर्गातही तेच! हे ठरवून घडवणाऱ्यांत पुढे होते केशव हेडगेवार. पुढारी कोण, हे मात्र कुणीच सांगेना. मुलांना काढून टाकलं, शाळा ओस पडली. शेवटी तोड निघाली. हेडगेवारांच्या चरित्रांत ती आली आहे: ‘चुकलं ना?’ असं विचारल्यावर मुलाने नुसती मान हलवायची आणि आत जायचं. बहुतेक गेले. हेडगेवारांनी मान हलवली नाही. ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले. सरकारने तीही बंद पाडली. अखेर प्रमाणपत्र मिळालं ते बंगालच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेचं, रासबिहारी घोष यांच्या सहीचं. पुढे 1925 मध्ये नागपुरातच त्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला.

मला आदर वाटतो तो मान हलवणाऱ्यांबद्दलही. घरची ओढगस्त, वडिलांचा धाक, पुढ्यात मॅट्रिक. तरीही त्यांनी मित्राचं नाव फोडलं नाही. शाळा मोठी होते ती अशा पोरांच्या एकीने. तो इतिहास एकाच नावाभोवती सांगणं अपुरं आहे.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचा नील सिटीचा दाखला, प्रगतिपुस्तक किंवा वर्गाचा फोटो असेल तर रद्दीत जाऊ देऊ नका. त्याची एक प्रत महालातल्या शाळेत नेऊन द्या.