टायरची कड आणि रिमची पन्हळ

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तुम्ही पाहिलेच असेल. तापवली की धाव पसरते, चाकावर बसते आणि पाणी ओतताच आवळते. मोटारसायकलच्या टायरला असा ताव देता येत नाही. त्याच्या कडेत पोलादी तार असते. ती ताणली जात नाही. मग ही घट्ट कड रिमवरून निघते कशी?

उत्तर रिममध्येच आहे. रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ असते. सगळी हवा सोडा, कड सुटी करा आणि व्हॉल्व्हच्या समोरची कड गुडघ्याने पन्हळीत दाबा. व्हॉल्व्हपाशी आपोआप ढिलाई येते. तिथे टायर लिव्हर घालून कड थोडीथोडी उचला. फार जोर लागतोय? मग समोरची कड पन्हळीतून वर आली आहे असे समजा. ताकद वाढवली तर ट्यूब चिमटते आणि नवे भोक पडते.

टायरच्या आतून हात सावकाश फिरवा. बाभळीचा काटा तिथेच राहिला, तर सगळी मेहनत फुकट! चढवताना टायरवरील बाणाची दिशा पाहा, कडेला साबणाचे पाणी लावा, ट्यूबमध्ये किंचित हवा ठेवा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. हवा भरल्यावर रिमलगतची रेघ सर्वत्र सारखी दिसली पाहिजे. ट्यूबलेस टायर मात्र दुकानातच न्यावा. त्याची कड बसवायला एकदम जोराची हवा लागते.

धावेला आच लागते, टायरला युक्ती. ती हुकली तर धोका भर रस्त्यात असतो, हे विसरू नका.