संस्थान गेलं, पदक आलं

कोल्हापुरात आमच्या पेठेत तालमीच्या कट्ट्यावर कुस्ती आणि राजकारण एकाच दमात बोललं जातं. १९४८ नंतरच्या दशकाकडे बघितलं की ते चूक वाटत नाही.

१९४८ ला पैलवान खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा इथं छत्रपतींचं राज्य होतं आणि खर्च महाराजांनी उचलला. तांबड्या मातीतला गडी तिथं मॅटवर उतरला, तरी सहावा आला. मग १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. रयतेच्या हातात मत आलं, झकासच झालं. पण पैलवानाच्या पाठीशी उभा राहणारा दरबार गेला, हेही खरंच की! १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी खाशाबांवर वर्गणी मागत फिरायची पाळी आली. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आज कोण टाकील?

जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं यायला १९९६ उजाडलं. कराड स्टेशनवरून त्यांच्या गावापर्यंत, गोळेश्वरपर्यंत, शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. मला पदकापेक्षा हीच कुस्ती मोठी वाटते.

१९५९ ला श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा तेव्हा ऐन रंगात होता. त्या लढ्याला यश आलं आणि १ मे १९६० ला कोल्हापूर महाराष्ट्राचा जिल्हा झालं.