बटण कोणाच्या हाती?

माणसाच्या उंचीची पारदर्शक नळी. आत पाणी, तळाशी हवेचा पंप आणि रंग बदलणारा दिवा. बुडबुडे वर चढू लागले की नळी थरथरते. तिला गाल टेकला तर ती थरथर थेट आत पोहोचते. शेजारी प्रकाशतंतूंचा झुपका. दिवा वेगळ्या पेटीत असतो, त्यामुळे तंतूंमध्ये वीज नसते आणि मूल ते खुशाल हातात घेऊन बसतं. सेन्सरी रूममध्ये, म्हणजे उजेड, नाद, स्पर्श यांतून इंद्रियांना चालना किंवा विसावा देणाऱ्या खोलीत, हे साहित्य हमखास दिसतं.

या कल्पनेला आकार आला नेदरलँड्समध्ये. १९७०च्या दशकात एडे इथल्या ‘द हार्टेनबर्ग’ या संस्थेत यान हुल्सेगे आणि आड फेरहूल तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांसोबत काम करत होते. शब्दांतून ज्यांच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं, त्यांच्यासमोर त्यांनी उजेड, वास, स्पर्श आणि नाद ठेवले. काही शिकवायचं नाही, काही करून घ्यायचं नाही. माणूस आपणहून कशाकडे वळतो ते पाहायचं आणि त्याच्या मागे जायचं. या पद्धतीला त्यांनी ‘स्नूझलेन’ म्हटलं.

पुढे ती देशोदेशी गेली. खोल्या वाढल्या, उपकरणं महागली आणि अनेकदा बटणं मात्र सांभाळणाऱ्याच्याच हातात राहिली. त्याने काय बिघडतं, हे कार्डिफ विद्यापीठातल्या अभ्यासातून दिसलं. ४ ते १२ वर्षांची ४१ स्वमग्न मुलं अशा खोलीत आली. उजेड-आवाज बदलण्याची मुभा त्यांना मिळाली, तेव्हा त्यांचं लक्ष अधिक टिकलं आणि त्याच त्या हालचाली कमी झाल्या. खोली तीच, साहित्य तेच. फरक होता तो मुलांच्या हाती असलेल्या नियंत्रणाचा.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२च्या आढाव्याला स्नूझलेनच्या परिणामकारकतेचा पुरावा सापडला नाही. २००५मध्ये यूलिया फान वेर्ट यांच्या डच अभ्यासाने वेगळी वाट धरली. परिचारिकांना प्रशिक्षण दिलं आणि प्रत्येकाच्या आवडीचा स्पर्श, वास, संगीत रोजच्या शुश्रूषेतच आणलं. उदासीनता आणि आक्रमकता दोन्ही घटल्या. म्हणजे पद्धत खोलीच्या चार भिंतींत अडकवायची गरजच नव्हती.

दंतवैद्यकातही ही पद्धत अशीच खोलीबाहेर वापरलेली दिसते. लॉस एंजेलिसमधल्या अभ्यासात १६२ स्वमग्न मुलांचे दात साफ करताना डोक्यावरचे प्रखर दिवे बंद केले, छतावर संथ चित्रं सोडली, मंद संगीत लावलं, अंगाला सौम्य दाब मिळेल अशी सोय केली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांवरचा ताण कमी झाला. सार्वजनिक ठिकाणीही अशा खोल्या आल्या. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या फुटबॉल मैदानात २०१५पासून सेन्सरी रूम आहे. गर्दीचा गोंगाट न सोसणारी मुलं तिथल्या काचेआडून कुटुंबासोबत सामना पाहतात. आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर २०१७मध्ये अशी खोली उघडली.

आपल्याकडेही विशेष शाळा आणि उपचार केंद्रं अशा खोल्या उभारतात. देणगीदाराला दाखवायला बुडबुड्यांची नळी सोयीची असते. मुलाचं निरीक्षण करायला शिकलेली ताई तशी दाखवता येत नाही. तरीही पहिला खर्च तिच्या प्रशिक्षणावर व्हायला हवा. कोणाला झगझगीत उजेड सोसत नाही, कोणाला घट्ट कवटाळलेलं हवंसं वाटतं, कोणाला कुठलाच स्पर्श नको असतो, हे ती जाणते. पैसे कमी असतील तर जाड पडदा, जड गोधडी आणि मुलाला स्वतः दाबता येईल असं एक मोठं बटण, एवढ्यावरही सुरुवात करता येते.