आधी कागद, मग कुदळ

लातूरला पाणी घेऊन आलेली आगगाडी अहमदपूर तालुक्यात कोण विसरेल? एप्रिल 2016 मध्ये ती मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावत आली. पहिल्या खेपेस 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. पुढे 50 वाघिणी लागल्या, 25 लाख लिटर येऊ लागले.

पहिल्याच दिवशी 50 का नाही आणल्या? त्या भरायला मिरजेत जलवाहिनी टाकायची होती, ती पुरी व्हायची होती. वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन घ्यायच्या होत्या. लातुरात पाणी उतरवून, शुद्ध करून वाटायचे होते. ही कामे एकामागून एक केली असती, तर पावसाळाच उजाडला असता. म्हणून ती ठिकठिकाणी एकदमच चालली. आणि जलवाहिनीची वाट न पाहता 10 वाघिणी निघाल्या.

प्रकल्पाची आखणी म्हणतात ती हीच. काय हवे, केव्हापर्यंत हवे, खर्च किती, कोणते काम कोणाकडे आणि कोणते कशावाचून अडते, हे आधी लिहून काढायचे.

गुरुजी, जूनपूर्वी शाळेची खोली बांधायची आहे ना? भिंत उठताना दाराची चौकट हाताशी हवी. म्हणजे गवंड्याच्या आधी सुताराला गाठले पाहिजे. नाहीतर गवंडी रिकामा बसेल, मजुरी मात्र चढत राहील. आणि पहिला पाऊस पोरांच्या डोक्यावर पडेल!