बेपत्ता तरुण, पोलिसांचा तर्क आणि कोरी नोंदवही

डहाणू-तलासरी पट्ट्यात एखादा तरुण रात्री बाहेर पडतो आणि सकाळी घरी परतत नाही. कधी ती हळदीची रात्र असते, कधी विवळवेढ्याच्या महालक्ष्मी यात्रेची. दुपारपर्यंत पाड्यावर चार तर्क तयार होतात. दमणला दारू प्यायला गेला असेल. पोरगी घेऊन पळाला असेल. वापीला कंपनीत लागला असेल. नाहीतर कोणीतरी मारून टाकला असेल. आईबाप पोलीस ठाण्यात पोहोचतात तेव्हा यातले पहिले तीन तर्क तिथे आधीच बसलेले असतात. चौथा मात्र कागदावर येत नाही.

आमच्यासमोर एका ठाण्यात अंमलदार एका वारली मायमाउलीला म्हणाला, "उतरली की येईल, दोन दिवस वाट बघ." मुलाचा फोटो तिच्या हातातच राहिला. सोबत वकील आहे हे कळताच 'वाट बघ'चे 'बसा बाई' झाले, तरी नोंद झाली तिसऱ्या दिवशी. मुलगा जिवंत सापडला. महामार्गावर वाहनाने उडवल्यामुळे तो सीमेपलीकडे गुजरातच्या सरकारी दवाखान्यात बेवारस म्हणून पडला होता. पहिल्याच रात्री एक फोन केला असता तर त्या माउलीचे तीन दिवस वाचले असते. तो दारू प्यायला होता का, असे आम्हाला नंतर अनेकांनी विचारले. प्यायला असता तर त्याला शोधायचे नव्हते काय?

या बेफिकिरीला कायद्यातल्या फटीचा आधार आहे. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनच्या याचिकेत आदेश दिला की, बालक हरवल्यास अपहरण किंवा मानवी व्यापार गृहीत धरून गुन्हा नोंदवावा. हे संरक्षण 18 वर्षांपर्यंतचे. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलासाठी एफआयआर आणि एकोणीस वर्षांच्या पोरासाठी फक्त 'मिसिंग'ची नोंद! गुन्हाच नाही म्हटल्यावर तपासाची निकडही नाही. सज्ञान माणसाला स्वतःच्या मर्जीने घर सोडण्याचा हक्क आहे, हे आम्हालाही मान्य आहे. पण तो मर्जीने गेला, हे आधी तपासून ठरवायचे की तोंड बघून?

अशोक धोडी यांचे प्रकरण आठवा. ते काही पाड्यावरचे मजूर नव्हते, सत्तेतल्या शिवसेना शिंदे गटाचे डहाणूतील पदाधिकारी होते. 20 जानेवारी 2025 रोजी घरी परतताना ते गाडीसह बेपत्ता झाले. लोक कोणी दारू तस्करीचे वैर म्हणे, कोणी जमिनीचा वाद. चौकशीला आणलेला प्रमुख संशयित पोलिसांच्या हातून निसटला. शेवटी 31 जानेवारीला गुजरातमधील भिलाडजवळच्या बंद दगडखाणीच्या पाण्यातून गाडी निघाली आणि गाडीत त्यांचा मृतदेह. गुन्हेगार कोण ते न्यायालय ठरवील. पण सत्तापक्षाच्या माणसाला शोधायला अकरा दिवस लागतात, तिथे चिकूच्या वाडीत राबणाऱ्याच्या पोराला किती लागतील?

यंत्रणेवर विश्वास उरला नाही की तर्काची जागा अफवा घेते. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे मुले पळवणारे, चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांदेखत ठार मारले. मृतांची ओळख पटत नाही तोच मुंबई-दिल्लीतून दुसरी अफवा सुटली, धर्माची. अटक केलेल्या 101 जणांत एकही मुसलमान नाही, हे तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीर सांगावे लागले. त्या गावावरचे तर्क दिल्लीत लिहिले गेले आणि अटकेच्या भीतीने पुरुष रानात गेले, हेही विसरू नये. आपल्या कार्यकर्त्यांनीही पहिल्याच दिवशी 'घातपातच' म्हणून मोबाइलवर मजकूर फिरवण्याआधी हे आठवावे.

पोलिसांनी तर्क करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. तर्काशिवाय तपास होत नाही. पण तर्क तपासायला मोबाइलचा टॉवर लागतो, पंपावरचे आणि टोलनाक्यावरचे चित्रण लागते, आणि जुने चित्रण नव्याखाली पुसले जाते. अच्छाडचा नाका ओलांडला की दुसरे राज्य सुरू होते. लोहमार्गावर सापडलेला देह वलसाडकडे अकस्मात मृत्यू म्हणून नोंदला जातो आणि इकडे आई वाट बघते.

म्हणून अर्ज लेखी द्या. अंगावरचे कपडे, खुणा, सोबतचे मित्र, शेवटचा फोन, कोणाशी वाद होता तेही त्यात लिहा. पोच घ्या. घातपाताचा संशय असेल तर तो स्पष्ट शब्दांत मांडा. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचे कारण सांगून नाकारता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते. ठाण्याने नाकारली तर तीच खबर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. कोणी डांबून ठेवल्याचा संशय असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस. आणि गुजरातच्या हद्दीतल्या दवाखान्यांना पहिल्याच रात्री फोन करा, पोलिसांची वाट न बघता.