नावानिशी छापलेली राणी

१५४३ साली इंग्लंडच्या संसदेने एक अजब कायदा केला. सामान्य घरातल्या बायकांनी इंग्रजी बायबल वाचायचं नाही. सरदारघराण्यातल्या स्त्रियांनी वाचलं तर चालेल, पण एकटीने, स्वतःपुरतं. त्याच वर्षी १२ जुलैला हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात आठव्या हेन्रीचं सहावं लग्न लागलं. नवरी होती कॅथरिन पार. तिशीतली, दोनदा विधवा झालेली. आणि १५४५मध्ये याच बाईचं प्रार्थनांचं इंग्रजी पुस्तक छापून आलं, तेही चक्क तिच्या नावानिशी! इंग्लंडमध्ये स्त्रीने स्वतःच्या नावाने इंग्रजी पुस्तक छापल्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं. तरीही हेन्रीच्या राण्यांच्या गोष्टीत ‘शेवटची, जी वाचली ती’ एवढ्यावरच तिची बोळवण होते. हा तिच्यावर मोठा अन्याय आहे.

१५४४च्या उन्हाळ्यात हेन्री फ्रान्सवर चालून गेला, तेव्हा राज्याचा कारभार त्याने हिच्यावर सोपवला. त्या डिसेंबरात, नव्या वर्षाची भेट म्हणून, तिची सावत्र लेक एलिझाबेथ हिने तिच्यासाठी एक छोटं पुस्तक तयार केलं. मुलगी ११ वर्षांची. तिची आई ॲन बोलीन हिचा शिरच्छेद झाला तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. नाव्हारची राणी मार्गरीत हिच्या फ्रेंच काव्याचा तिने इंग्रजी गद्यात अनुवाद केला आणि स्वतःच्या हाताने लिहून काढला. निळ्या कापडाच्या वेष्टणावर सोन्याचांदीच्या तारेचं गुंतागुंतीचं भरतकाम, मधोमध कॅथरिनची आद्याक्षरं, चार कोपऱ्यांत पॅन्सीची फुलं. सोबतच्या पत्रात विनंती: चुका तुम्हीच दुरुस्त करा, तोवर कुणाला दाखवू नका. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात हे पुस्तक आजही आहे. पुढच्या वर्षी एलिझाबेथने कॅथरिनच्याच प्रार्थना लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषांत उतरवून वडिलांना भेट दिल्या! पोरीला लिहितं होण्याची हिंमत कुठून मिळाली, हे मग वेगळं सांगायला नको.

हिंमत मात्र जिवावर बेतणारी होती. कॅथरिन राजाशी धर्मावर वाद घालायची. जॉन फॉक्स या इतिहासकाराने पुढे लिहून ठेवलंय, की १५४६मध्ये बिशप गार्डिनरने राजाचे कान भरले आणि तिच्या अटकेची तयारी झाली. तिला कुणकुण लागताच ती हेन्रीकडे गेली. तुमच्या दुखऱ्या पायावरून लक्ष उडावं आणि तुमच्याकडून चार गोष्टी शिकाव्यात, म्हणूनच मी वाद घालत होते, असं तिने सांगितलं. राजा विरघळला. दुसऱ्या दिवशी शिपाई घेऊन आलेल्या चॅन्सलरलाच त्याच्या शिव्या खाव्या लागल्या.

तिने माघार घेतली, असं कुणी म्हणेल. पण जानेवारी १५४७मध्ये हेन्री गेला आणि त्याच नोव्हेंबरात तिचं पुढचं पुस्तक बाहेर पडलं. विषय धर्मच, तोही उघड सुधारणावादी सुरात, आणि लेखिका म्हणून पुन्हा कॅथरिनचंच नाव.